वाहनातील बिघाडाने मृत्यू : शून्य

—न्हाई, चष्मा लावल्याबिगर मला हे बारीक अक्षर दिसत न्हाई, थांबा. हां. लोकसभेतल्या प्रश्नाचं उत्तर. 'शांतिसेनेसाठी परदेशी पाठवलेल्या तुकड्यांवरचा खर्च, परत मिळालेली रक्कम आणि जीवितहानी.' चांगलं टाइप केलंय. बसा ना भार्गवीताई, उभ्या कामून? खासदारसाहेबांच्या ऑफिसातनं तुमी नांदेडहून कंधारला आलात, एवढ्या उन्हाचं, आणि बोट ठेवता ते तक्त्यातल्या एका शून्यावर. वाहनातील बिघाडामुळे मृत्यू, शून्य. बरोबर हाय की मग. सरकारनं सभागृहात दिलंय म्हणल्यावर मी शेषेराव, रिटायर हवालदार-क्लार्क, सात वर्षं झाली घरी बसून, मी त्यात काय सांगणार? …हां, ही दुसरी झेरॉक्स. चौकशीचा अहवाल. सही माझीच हाय, नाकारत न्हाई. कुठं मिळाला हा तुमाला? …सिंधुबाईनं. मुदखेडच्या. सुदर्शनच्या बायकोनं, त्या गेलेल्या ड्रायव्हरच्या. म्हणजे प्रश्न विचारा म्हणून खासदारांना पत्र तिनंच लिहिलं म्हणा की. मला वाटलंच होतं.

महामाया, चहा ठेव गं. पाहुण्या आल्यात. साखर कमी टाक, ताई शहरातल्या हायेत. —हळू बोला जरा, काय? तिला ह्यातलं काही ठाऊक न्हाई. बायकांच्या जीवाला कशाला घोर.

तर तुमाला आधी हिशेब समजला पाहिजे. आफ्रिकेत आमची तुकडी होती, नऊ वर्षं झाली त्याला. माणसं आपली, गाड्या आपल्या, पण डोक्यावर निळी टोपी. मग संयुक्त राष्ट्रं त्याचे पैसे भरून देतात, माणसामागं इतके, गाडीमागं इतके. पण गाडी चालू असली तरच. दर तीन महिन्याला त्यांचे तपासणारे येतात, हातात कागद, किल्ली मारून बघतात, दहा पावलं पुढं घ्या, ब्रेक मारा, मागं घ्या. ठरलेल्यापेक्षा जास्त गाड्या बंद निघाल्या की पैसे कापतात. आणि पैसे कापले की वर जबाब द्यावा लागतो, वरच्यांना त्याच्या वर, असं करत करत शेवटी तुमच्या ह्या तक्त्यात येतं. म्हणून गाड्यांचं रजिस्टर माझ्याकडं. कोणती चालू, कोणती बंद, मी लिहायचो. तेरा नंबरचा पाण्याचा टँकर बंद होता. ब्रेकचा पार्ट मागवला होता, पाच महिने झाले, आला न्हाई. तपासणीच्या दिवशी आमी काय करायचो, तर दुसऱ्या टँकरचा पार्ट काढून तेराला बसवायचा, साहेब लोक पुढं गेले की काढून परत तिकडं. दोन्ही चालू. आणि कागदावर चालू म्हणल्यावर पाण्याची नड पडली की तेरा पण तसाच रस्त्यावर काढायचो. सगळ्या तुकड्या करत असतील असं न्हाई म्हणत मी. आमी केलं. मी केलं.

सुदर्शन ड्रायव्हर होता. मुदखेडचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून माझ्याकडं येऊन बसायचा. त्याला ज्वारीची भाकर आठवायची, मला म्हणायचा, शेषेरावभाऊ, इथं सगळं मिळतं, पण भाकरीचा वास मिळत न्हाई. लगीन होऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दिवशी सकाळी नाष्टा करून आला, म्हणला, तेराचं पेडल खालपर्यंत जाऊन राहिलंय, मी उतारानं न्हाई नेणार. नदी खाली होती, ताई, कॅम्प वर. मधी लाल मातीचा उतार. मी म्हणलो, तोंडी नको, लिहून दे. त्यानं तिथंच लिहून दिलं, पाठकोऱ्या कागदावर, तारीख घालून. आणि मग मी म्हणलो, कागद झाला ना, आता जा. दीडशे माणूस पाण्याला खोळंबलाय. —माझं ऐकायचा तो. मोठा भाऊ मानायचा.

गेला. वीस मिनिटांत वायरलेसवर आलं, तेरा उताराखाली गेला.

…न्हाई, बघायला मी गेलो न्हाई. ऑफिसात काम होतं. अहवाल लिहायचा होता ना. तुमी म्हणाल आमच्या तुकडीच्या साहेबांनी लिहायला लावला. मी आजपोतर सगळ्यांना तेच सांगत आलोय. ड्रायव्हरचा वेग जास्त, ड्रायव्हरची चूक. साहेबांचा हुकूम, मी काय करणार. …काय विचारलं? साहेब नेमकं काय म्हणले? …साहेब काही म्हणले न्हाईत, ताई. डोक्याला हात लावून बसले होते. नवीन माणूस होता, रडायच्या बेतात. म्हणले, शेषेराव, आता काय लिहायचं? आणि मी म्हणलो, साहेब, गाडीचा दोष लिहिला तर मागच्या महिन्यातली तपासणी खोटी पडते. सगळे पैसे परत मागतील. 'चालकाची चूक' लिहू. मी म्हणलो. माझ्या तोंडानं. टाइप करायला पाच मिनिटं लागली.

चूक ड्रायव्हरची म्हणल्यावर सिंधुबाईला तिकडची, संयुक्त राष्ट्रांची भरपाई मिळाली न्हाई. इकडची पेन्शन तेवढी. शिलाई करती ती मुदखेडला, स्टेशनच्या मागं. दोनदा आली माझ्याकडं. एकदा सासऱ्याला घेऊन, एकदा एकटी. शेषेरावभाऊ, ते गाडी जोरात हाणणारे नव्हते हो, एवढंच म्हणायची. मी तिला काय म्हणलो असेन? म्हणलो, वहिनी, परमुलखातला रस्ता, माणूस चुकतो. चहा पिऊन गेली. ह्याच खुर्चीवर बसली होती.

आता तुमी तो चिठ्ठीचा विषय काढू नका. हाव, ठेवलीय. सुदर्शनच्या हातची. कामून ठेवली ते मलाही सांगता येत न्हाई. जाळायला घेतली होती एकदा, काडी ओढली आणि विझवली. पेटीत हाय. पण ती मी देणार न्हाई. तुमचा एक प्रश्न व्हईल, पेपरात येईल, आणि माझी पेन्शन? खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा लागतो, ताई, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. परवा एक फोन आला होता मला. कोण ते न्हाई सांगणार. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तब्येत कशी हाय, वहिनी कशा हायेत, आणि मग म्हणे, शेषेराव, तुमचा सर्वेश सध्या तिकडंच हाय ना? काळजी घ्या त्याची. एवढंच. ठेवला.

…सर्वेश माझा मुलगा. एकुलता. माझ्याच पलटणीत लागला, ड्रायव्हर. मीच खटपट केली. दोन महिने झाले तिकडं जाऊन. माणसं बदलतात, गाड्या तिथंच राहतात. उत्तरात दुसरं पान वाचलंत का? मी वाचलं. 'वाहने समाधानकारक स्थितीत असल्याने ती बदलण्याचा प्रस्ताव विचाराधीन नाही.' बिघाड शून्य, मग बदलायच्या कशाला? सरकार खोटं बोललं न्हाई, ताई. मी लिहिलं तेच त्यांनी वाचून दाखवलं.

मागच्या आठवड्यात त्यानं फोटो पाठवला. निळी टोपी घालून टँकरला टेकून उभा. महामायेनं आळीत सगळ्यांना दाखवला. नंबर नवा, रंग नवा. पण आमच्या तेराच्या डाव्या अंगाला शिडी होती, तिची खालची पायरी आमी तिथंच, कॅम्पात वेल्डिंग केली होती, वाकडी बसली होती. फोटोत पण वाकडीच हाय. उताराखालनं ओढून काढला, ठोकून सरळ केला, आणि वापरून राहिले.

मी फोन लावला. म्हणलो, ब्रेक बघून घे रे. तर हसला. म्हणला, अप्पा, तुमाला कसं कळलं? पेडल खाली जाऊन राहिलंय चार दिवसांपासून. मी क्लार्ककडं लिहून दिलंय. तो म्हणला, तपासणी झाली की बघू, तोवर चालव.

…त्याला मी काय बोललो? लाइन खराब हाय म्हणलो. काय सांगू त्याला? क्लार्क असं का म्हणतो, ते बापाला कसं ठाऊक, हे सांगू? सहा दिवस झाले. रोज सकाळी नाष्ट्याच्या वेळेला मी घड्याळाकडं बघत बसतो. तपासणी वीस तारखेला हाय. तुमचा पुढचा प्रश्न कधी लागेल, अधिवेशन कधी, उत्तर कधी— म्हणून म्हणतो, तुमी हे सगळं विसरा. चिठ्ठी सापडत न्हाई म्हणून लिहा. जाऊन सांगा, शेषेराव काही बोलला न्हाई. मी त्याला काहीतरी करून सुटीवर बोलावतो, आजारी पडलो म्हणून कळवतो—

महामाया.

तू कधीची उभी हायस तिथं? चहा उतू गेला वाटतं, वास येऊन राहिलाय. …पेटी कामून उघडलीस? ते इकडं दे. महामाया, ते माझं हाय, दे इकडं. तुला कळत न्हाई ते कशाचं—

बरं.

घ्या, ताई. तिच्या हातातनं घ्या. फोटो नका काढत बसू, मूळ कागदच न्या. माझ्याकडं बघू नका. आज काय तारीख, चौदा. साडेचारला नांदेडची गाडी हाय, उठा, जा.