फ्रिजवरची पिशवी

(शिवणयंत्राची खोली, कोपऱ्यात फ्रिज. बायको शाळेतून शिकवून नुकतीच आली आहे; नवरा पडदे शिवत बसला आहे.)

बायको : फ्रिजवरची पिशवी कुठे गेली?

नवरा : कुठली?

बायको : अरे, पामच्या बियांची. ओल्या भुशात घातलेली. मागच्या बाजूला ठेवली होती, गरम लागतं तिथे.

नवरा : आत ठेवली. भाजीच्या खणात. वर पसारा दिसत होता.

बायको : फ्रिजमध्ये? कधी?

नवरा : शनिवारी.

बायको : आज बुधवार! शनिवारी मी प्रशिक्षणाला गेले ती काल रात्री आले, तोवर ती गारठ्यातच? त्यांना ऊब लागते हे काय तुला सांगायला हवं? चार महिने दुपारचं पाणी तूच शिंपडतोयस त्यांच्यावर.

नवरा : शिंपडत होतो. गाढवासारखा.

बायको : थांब, बघू दे... एकीला मूळ फुटलं होतं रे. हे बघ, काळं पडलंय. हात लावला तर गळून आलं.

नवरा : फुटलं होतं ते ठाऊक आहे मला. तुमच्या भूगोलाच्या सरांनी कळवलं.

बायको : त्यांनी?

नवरा : शनिवारी फोन आला, तू आंघोळीला गेली होतीस. मी उचलला. ‘अभिनंदन दादा, पहिला कोंब आला म्हणे!’ म्हणे! माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर कोंब येतो, आणि मला सांगतो कोण, तर बदली होऊन गेलेला माणूस.

बायको : तुला शुक्रवारी संध्याकाळीच सांगणार होते. तू गिऱ्हाइकावर डाफरत होतास, म्हणून राहिलं. आणि बिया त्यांनीच दिल्या होत्या. निरोपाच्या दिवशी सगळ्या शिक्षकांना वाटल्या.

नवरा : सगळ्यांनी रुजत घातल्या?

बायको : ...नाही.

नवरा : मग! तू मात्र गर सोलून काढलास, रोज पाणी बदललंस. घरात पाऊल टाकलं की आधी पिशवी उजेडात धरायची, मग चपला काढायच्या. मी इथेच बसलेला असतो. एकदा तरी विचारलंस, कुणाचे पडदे शिवतोयस म्हणून?

बायको : म्हणून बियांवर राग काढलास?

नवरा : त्याच्यावर कसा काढू? तो लांब बसलाय.

बायको : मनात आहे ते सरळ विचार.

नवरा : आवडतो तुला तो?

बायको : त्यांच्याशी बोलायला आवडतं. ते विचारतात, आज वर्गात काय झालं. तू विचारतोस, आज उशीर का झाला.

नवरा : लागलं ते.

बायको : लागू दे.

नवरा : सगळ्याच गेल्या का गं?

बायको : कोंबवाली गेली. या दोन पिचपिचीत झाल्यात. तीन अजून टणक लागतायत, पण आत काय झालंय कुणाला ठाऊक.

नवरा : दे इकडे. भुसा बदलतो, कोमट पाण्याने भिजवून...

बायको : नको. आज तू हात लावू नकोस.

नवरा : बरं. नाही लावत.

बायको : सरक जरा, खुर्ची घेऊ दे. परत वर ठेवते.

नवरा : ऐक ना. पुढचा कोंब आला की आधी मला सांगशील?

बायको : आला तर.