चांदणीचे ठिपके

ऐका. आणि शेकोटीत काटक्या टाका रे, अंधारात ही गोष्ट मला सांगवत नाही. भुताच्या भीतीनं नाही, लाजेनं. माणूस आमच्याच घरातला. माझा सख्खा मामा हिलाल, घोड्यांचा व्यापारी.

मामाची चांदणी नावाची पांढरी घोडी होती. रवाल चालीची! रवाल म्हणजे कशी, तर वर बसून भरला पेला धरा, थेंब सांडणार नाही. घोडी म्हातारी झाली, तसं मामानं तिच्या अंगावर काळ्या कलपानं ठिपके काढले आणि परगावच्या यात्रेत तरणी, जन्माची ठिपकेवाली अबलख म्हणून एका वरातवाल्याला विकली. मामीला सांगितलं, वाटेत मेली. मामी बिचारी अन्नाला शिवेना. तिकडं वरातीत घामानं रंग उतरला, वरातवाल्यानं रागानं तिला उपाशी बांधली, आणि ती खरंच मेली.

पुढं एका रात्री मामा बाजाराहून तापीकाठच्या वाटेनं निघाला. एकटा. मागं टापा वाजल्या. वळून बघतो, तर कुणी नाही. पुन्हा टापा. आता पुढून! बाभळीखाली ठिपक्यांची घोडी उभी, खोगीर कसलेलं. बेवारस जनावर बघून व्यापाऱ्याला मोह आवरतो का? बसला. घोडी चालू लागली, पेला सांडणार नाही अशी.

ती चाल मामाच्या ओळखीची होती. उतरायला गेला, तर पाय खोगिराला चिकटलेले. मान धरली, तर ठिपके हाताला लागले. ओले, काळे. घोडी सरळ डोहात शिरली. पाणी गुडघ्याला, छातीला, गळ्याला. मामा ओरडतोय, "चांदणे, चुकलो गं, सोड मला!"

बुडवलं नाही हो तिनं. पलीकडं निघाली ती धुऊन पांढरीशुभ्र. मामाला घेऊन थेट त्याच्या दारात उभी राहिली, रोज राहायची तशी.

टापा ऐकून मामी धावत बाहेर आली. हातात गुळाचा खडा. "आली का माझी चांदणी?"

घोडी नव्हती. नुसता मामा होता, मनगटापर्यंत काळे हात घेऊन. मामीनं ते हात पाहिले.

"रंगवून विकली तुम्ही तिला," ती म्हणाली. "आणि मला रडायला लावलं." गूळ उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली.

घोडीचा रंग धुऊन गेला, मामाच्या हाताचा गेला नाही. मेला तोवर तो कुणाच्या पंगतीला बसला नाही.

म्हणून सांगतो पोरांनो, त्या वाटेनं जाऊ नका. ती कुणाला मारत नाही. घरी आणून सोडते.