एका उन्हाळ्यापुरता पाईप

न्हाई न्हाई, झाकणाला हात लावू नका पाव्हणं — भाजंल, आतमधी उकळायलंय अजून. बसा तिकडं बाकड्यावर, लिंबाखाली. घाई हाय? सगळ्यालाच घाई ऱ्हाती. इंजन गार झाल्याबिगर मी पाना लावत न्हाई, गाडी कुणाचीबी असू द्या. आन् मला एक सांगा, चुडाव्याहून बोरीला कामून आलात? मधी आख्खी परभणी पडती, तिथं गल्लोगल्ली मिस्त्री हायत की. — दोघांनी बघितलं? आन् गळती घावली न्हाई? कशी घावंल! थेंब पडतो पुढं आन् पाणी येतंय मागून. ज्यानं पाईप घातला त्यालाच ठावं. हे बगा, वाका जरा — इंजनाच्या मागून, पत्र्याला घासून, सायलेन्सरच्या वरून. आसा वाकडा पाईप शहाणा माणूस नेत न्हाई. मी नेलाय. माझंच काम हाय ते. लांबून जीप दिसली तव्हाच वाटलं होतं, पण म्हणलं, आता डोळ्याचा काय भरवसा — कव्हा घेतली तुमी? चार दिवस? योगीराजकडून? इकली व्हय त्यानं... न्हाई, काई न्हाई, पाना निसटला हातातून. योगीराज ल्योक हाय मपला. एकुलता.

कसं हाय, ह्या गाडीत हीटर हाय. कंपनीनं दिलेला. आता परभणी जिल्ह्यात हीटर कुणाला पायजे? मे महिन्यात हितं कुत्रंबी सावली सोडत न्हाई. मंग आमी काय करतो — हीटरकडं जाणारा पाईप मधीच कापायचा, तोंडात एक बोल्ट ठोकायचा, वरून ट्यूबची पट्टी आवळून बांधायची. झालं काम. बोरीतल्या निम्म्या जीपा तशाच पळतात, माझ्याच हातच्या. आन् कूलंट बिलंट काई न्हाई, बोअरचं पाणी. खारं हाय, आतून पांढरी खपली धरतंय, मला काय ठावं नव्हतं? पण तीस वर्सं हेच सांगत आलो गिऱ्हाइकाला, आरं पाणीच तर हाय, कशाला कूलंट — आन् लोकबी खुश. ह्या गाडीलाबी तेच केलं होतं. तव्हा ही घरची गाडी होती, योगीराज भाडं मारायचा हिच्यावर.

तीन वर्सं झाली आता. लगीनसराई होती, दारात सात-आठ गाड्या उभ्या, ज्याला त्याला वऱ्हाड न्यायचं. योगीराज म्हणला, आबा, पट्टी ओली दिसायलीय. मी म्हणलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणला. मी म्हणलं, आरं घरची गाडी हाय, कुठं पळून जायलीय का, आधी गिऱ्हाईक बघू दे. तिसऱ्यांदा त्यो बोललाच न्हाई. दिव्याखाली अंधार म्हणतेत ना, तसं. आन् त्याच हप्त्यात, दुपारच्याला, गोजरबाईच्या — मालकीण मपली — छातीत कळ आली. घाम, नुस्ता घाम. योगीराजनं उचलून गाडीत घातलं, सूनबाई संग बसली, निघाले परभणीला. मी गेलो न्हाई. दुसऱ्याचं इंजन उघडं पडलं होतं माझ्यासमोर, म्हणलं एवढं बसवतो आन् मागून येतो. झरीच्या अलीकडं बोल्ट उडाला. सगळं पाणी रस्त्यावर. त्या रस्त्याला तव्हा ना झाड ना हॉटेल — पोरगं क्यान घेऊन शेताशेतानं पळालं पाण्यासाठी, आन् गोजरबाई आतमधी, पत्र्याखाली. एक मालट्रक थांबला शेवटी, त्याच्यात घातलं तिला. डॉक्टर म्हणले, अर्धा तास आधी आणायचं होतं. अर्धा तास! पाईप बदलायला अर्धा तासच लागतो पाव्हणं. त्याच्यापेक्षा जास्ती न्हाई लागत.

तुमी च्या घेता? नको? बरं. गार झालं बगा आता, पाणी सोडतो खाली. — तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी हितं आणून लावली. चावी ह्या टेबलावर ठेवली, म्हणला, नीट करा. आबा म्हणला न्हाई, काई न्हाई, नीट करा एवढंच. डोळ्यात पाणी आसतं तर बरं वाटलं आसतं, पण न्हाई. मी रडलो, त्यो न्हाई रडला. मंग मी बोल्ट काढला, नवा पाईप आणला. सरळ जोडला आसता तर धा वर्सं बघायचं काम नव्हतं. पण मी — आता तुमाला सांगायला काय लाज धरायची — मी नेला आसा मागून. घासत ऱ्हावा म्हणून. एका उन्हाळ्यापुरता. आसं बघू नका माझ्याकडं, धोक्याचं काई नव्हतं केलं, एकदम फुटणारा न्हाई त्यो, थेंब थेंब जातो, गरमीचा काटा हळूहळू चढतो, माणसाला आधी कळतं. म्हणलं, दुसऱ्या कुणाला घावणार न्हाई. हिंडंल चार मिस्त्र्याकडं आन् येईल शेवटी. येऊन हितं बसंल, मी बोनेट उघडीन, बोलायला काई तरी व्हईल. दुसरं काय होतं माझ्याजवळ? माफी मागायला तोंड न्हाई, पाना तेवढा चालतो.

त्यो चुडाव्याला गेला, सासरवाडीला. पहिला उन्हाळा गेला, म्हणलं पाईप चांगला निघाला. दुसरा गेला. ह्या रस्त्यानं जीप आली की मी उठून बघायचो. — काय म्हणलात? क्यान? दोन क्यान दिले गाडीसंग? दर वीस किलोमीटरला पाणी टाकत जा, आन् गळती थांबंना तर बोरीला जा म्हणला? म्हंजी... म्हंजी त्याला गळती ठावी होती. आन् कुठं नीट व्हईल तेबी ठावं होतं, तुमाला धाडलं म्हणल्यावर. दोन वर्सं त्यो थांबून थांबून पाणी टाकत ऱ्हायला. सीट भरलेली आसताना, भाड्याचे लोक शिव्या देत आसताना, उतरायचं आन् पाणी टाकायचं. पण माझ्या दारात आला न्हाई. लय जिद्दीचं पोरगं, आईवर गेलंय. आन् मी हितं बसून गणित करायलो होतो, पाईप किती दिवस टिकतो म्हणून.

धरा, बॅटरी धरा जरा. हा काढला. बगा, कसा झिजलाय. आता हा सरळ, इंजनापासून पाण्याच्या पंपाला, सायलेन्सरपासून वीतभर लांब. दोन्ही तोंडाला नव्या क्लिपा, आन् हिरवं कूलंट, खरं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. — मारा सेल. राहू द्या चालू. काटा बगा, निम्म्यावर थांबला का? थांबंलच. खाली बगा. कोरडं.

एक इचारतो, राग मानू नका. इकडं यायला सांगताना त्यो म्हणला काय? नेमकं सांगा, मनानं काई जोडू नका. मपलं नाव घेतलं? न्हाई. मंग बाप हाय तिथं, आसं? तेबी न्हाई. बोरीला एक मिस्त्री हाय. एवढंच म्हणला? एक मिस्त्री हाय...

बराबर हाय. खोटं काय बोलला त्यो.

घ्या चावी. न्हाई, पैसे राहू द्या. बोरीला यायचं पुन्हा काम पडणार न्हाई तुमाला, कुणालाच न्हाई. — निरोप? त्याला म्हणा की... न्हाई. काई म्हणू नका. काढा गाडी.