हाऊ कम, विहीणबाई?

...अहो, 'हाऊ' म्हणजे कसं, 'कम' म्हणजे येणं, मग 'हाऊ कम' म्हणजे 'कसे आलात' नाही तर काय? तुम्हीच सांगा! पण नाही... चूक कोणाची? भावोजींची!

भावोजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान. अख्खा जन्म गिऱ्हाइकाला प्रश्न विचारण्यात गेला, 'आता दिसतं? आता? आणि आता?' तर तुम्हाला सांगतो, भाचीने परदेशी मुलगा पसंत केला, त्याची आई घर बघायला येणार, तिला मराठीचा गंध नाही, म्हणून हा माणूस काचा पुसता पुसता इंग्रजी प्रश्न घोकत होता! बाई आल्या. जिने चढून घामाघूम. भावोजींना बिचाऱ्यांना विचारायचं होतं, टॅक्सीने आलात की चालत? तोंडभर हसून म्हणाले, "हाऊ कम?"

आता त्या भाषेत याचा अर्थ काय, तर 'तुम्ही इथे कशा काय टपकलात!' बाई ताठ. "आय वॉज इन्व्हाइटेड!" मला बोलावलंय म्हणे! भावोजींना वाटलं, काहीतरी बिनसलं. काळजीने विचारलं, "व्हाय?"

संपलं! 'का बोलावलं?' असं झालं ना ते!

ताईने मागून चिमटा काढला, "अहो, काय घेणार ते विचारा!" विचारलं. "व्हॉट डू यू वॉन्ट?" म्हणजे... 'काय पाहिजे गं तुला?' बाईंनी पर्स उचलली, भाची रडकुंडीला, "बाबा, तुम्ही बोलूच नका!" चूक कोणाची? भावोजींची!

भाचीने हातापाया पडून, समजावून बाईंना परत बसवलं. बाई निवळल्या. म्हणाल्या, मुलाने मलाही एक मराठी वाक्य शिकवलंय. म्हणायचं होतं 'कसे आहात'. भावोजींकडे रोखून बघत, ठसक्यात म्हणाल्या, "तुम्ही कशाला आहात?"

आणि काय सांगू... टाळ्या! ताई म्हणते, "अगंबाई, किती गोड बोलतात!" भाचीच्या डोळ्यांत पाणी! अरे, यांनी नुसतं 'का' विचारलं तर अपमान, आणि तिने माणसाच्या जन्माचंच कारण विचारलं तर कौतुक? मी सोफ्यावरून ओरडलो, "आता चूक कोणाची?" कोणी ढुंकून बघेना. लग्न तिथल्या तिथे ठरलं.

भावोजी मात्र शांत. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई चुकल्या नाहीत रे. या घरात हे मला इतक्या स्पष्ट शब्दांत पहिल्यांदाच कुणी विचारलं."