नसलेली जीप आणि सलीमभाई

भाभी, घरची मंडळी, तळोद्याच्या जीपस्टँडवरचे सगळे ड्रायव्हरभाऊ, तुम्ही धंदा बंद ठेवून आलात. मी सलीमभाईंच्या शेजारच्या टेबलावर काम करते. त्यांच्याबद्दल 'होते' म्हणायला जीभ वळत नाही. तरी बोलते.

डोंगरातल्या वरच्या गावांना जाणाऱ्या जीपच्या सीटा मोबाइलवर धरता येतात, ते अ‍ॅप भाईंनी बनवलं. त्यात प्रोग्रामचा एक तुकडा होता. नाव 'जीप द्या'. नंबर सांगितला की मेमरीत जपलेली त्या जीपची नोंद तो काढून द्यायचा. पण सापडली नाही, तर गुपचूप नवी बनवायचा. नावात मात्र तसं काहीच नव्हतं.

एकदा ऑफिसात नंबर चुकीचा पडला. झालं! जगात नसलेली जीप तयार. सगळ्या सीटा रिकाम्या. एका आईनं तापलेलं लेकरू घेऊन तिचीच वाट पाहिली. मोबाइल म्हणत होता, सीट पक्की आहे.

भाई स्वतः स्टँडवर गेले. 'चूक मन्ही शे,' म्हणत दोष स्वतःकडे घेतला. लेकराला दवाखान्यात दाखवून तिला घरी पोचवलं.

आम्ही म्हटलं, भाई, नंबर तपासला की झालं. ते म्हणाले, 'नंबर नही, नाव खोटं शे.' मग दोन तुकडे केले. 'जीप शोधा' आणि 'नवी जीप नोंदवा'. शोधून सापडली नाही, तर सरळ 'नाही' सांगायचं. जिथं दोन्ही कामं लागतील, तिथं नाव 'जीप शोधा, नसेल तर नोंदवा'. आम्ही चिडवायचो, भाई, हे नाव आहे की लग्नपत्रिका? ते हसायचे. 'नाव लांब ऱ्हाऊ दे. मानूस अडकाले नको.'

किती साधी गोष्ट! पण ती त्यांनी कधी सोडली नाही.

भाभी, अजून वरच्या गावांतून फोन येतात. 'सलीमभाई आहेत का?' आम्हाला सांगवत नाही. आम्ही म्हणतो, बाहेर गेलेत. काल एका म्हाताऱ्या बाबांनाही मी तेच सांगितलं. ते म्हणाले, 'बरं, मग थांबतो.' आणि फोन कानाला लावून थांबून राहिले. मला फोन ठेववेना.

आज इथून उठले की पहिला फोन त्या बाबांना करणार आहे. सलीमभाई नाहीत, एवढंच सांगणार आहे.

चला, भाईंसाठी थोडा वेळ शांत उभं राहू या.