हाडांच्या रांगेत

दवाखान्यात प्लास्टरचा पाय लांब करून मास्तर पेपर वाचत बसले होते. मागच्या बाकावर दोघे भाऊ कुजबुजत होते.

"दादा, आंघोळीला लघवीच्या जागेची कातडी मागे सारली, ती पुढेच येईना. टोक टम्म सुजलंय."

"नोंदणीच्या खिडकीवर हेच सांगितलंस?"

"बाई होत्या. गुडघा दुखतो म्हणालो."

"म्हणून हाडांच्या रांगेत बसलोय होय? अरे, आबांना लघवीची नळी घातली तेव्हा नर्सनं बजावलं होतं, कातडी लगेच पुढे घ्या. अडकली तर टोकाला रक्त पोचत नाही."

"कापतील?"

"बहुतेक नाही. दाबून सूज उतरवतात, मग पुढे सरकवतात. पण वेळ काढायचा नाही."

मास्तरांनी पेपरातून डोकं वर न काढता काठीनं दार दाखवलं. "इमर्जन्सी तिकडं."

धाकटा उठला. खिडकीतल्या बाई बघत होत्या, म्हणून गुडघा धरून लंगडत निघाला.