मी नाही बघितलं, डोळ्यांनी बघितलं!

…नाही, पण मी म्हणतो, हनुवटी फळीवर, कपाळ पट्ट्याला, आणि वर म्हणायचं, "काका, अगदी आरामात बसा"? तुम्हाला सांगतो, दाढ उपटताना बरं! आणि हे सगळं कशासाठी? तर हिचा सव्वीस वर्षं एकच घोष, "ह्यांची नजर चांगली नाही!" हिची भाची प्रयोगशाळेत माणसाची नजर कुठे जाते ते यंत्रानं मोजते. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!

भाची म्हणाली, "डावीकडे ठिपका आला की उजवीकडे बघायचं." सोपंय ना? आला ठिपका, बघितलं ठिपक्याकडेच! पुन्हा आला, पुन्हा तेच! चाळीसपैकी एकतीस वेळा! म्हणे, "डोळ्यांना उडी मारायची घाई असते काका, मेंदूनं लगाम खेचायचा असतो. तुमचा जरा सैल आहे." म्हटलं, ऐकलंस? मी नाही बघितलं, डोळ्यांनी बघितलं! तर ही म्हणते, "आणि डोळे काय शेजाऱ्यांचे?"

मग ही बसली. चाळीसपैकी चाळीस बरोबर!

मग पडद्यावर आमचाच घरचा फोटो. नजर जिथे रेंगाळेल तिथे लाल डाग. माझे निम्मे डाग माझ्याच टकलावर… आणि निम्मे मेहुणीवर, म्हणजे त्या भाचीच्या आईवर! ओरडलो, अगं, मी नाही बघितलं, डोळ्यांनी बघितलं! भाची खाली मान घालून कागद चाळायला लागली.

आणि हिचे डाग? खिडकीच्या पडद्याच्या सुटलेल्या शिवणीवर, कपाटाच्या उघड्या दारावर, वाळक्या कुंडीवर! मी मधोमध उभा, चांगला निळा शर्ट घालून, आणि माझ्यावर एक डाग नाही! अहो, माशीसुद्धा बसते हो माणसावर! काळजात चर्र झालं.

भाचीला दया आली. "काका, चेहरा दिसला की डोळे आपसूक तिकडे जातात. न बघायचं म्हणजे मेंदूला केवढा जोर लावावा लागतो!" काय बरं वाटलं म्हणून सांगू! रागानं का होईना, बाई माझ्यासाठी सव्वीस वर्षं जोर लावतेय! गहिवरून म्हटलं, "अगं, कशाला एवढा त्रास करून घेतेस? बघ की एकदा."

ही चष्मा पुसत म्हणाली, "कसला त्रास? तुम्ही होतात त्या फोटोत?"

होतो, म्हटलं… मधोमध होतो.